राणीसरकारांचा दरबार

मुलांनो, ज्या खोलीत तुम्ही हे वाचत बसला आहात, तिथून बाहेरच्या दारापर्यंत चालत जायचं आहे असं मनात आणा. खरंच उठू नका, नुसतं मनात. निघालात. अर्ध्या वाटेवर छाती धडधडू लागली. ओठ थंड पडले. नखांकडे बघता तर ती शाईत बुडवल्यासारखी निळी. दार समोर दिसतंय, पण पाय काही पुढे पडत नाहीत. जवळपास खुर्ची नाही. मग तुम्ही काय कराल? गुडघे पोटाशी घ्याल आणि तिथल्या तिथे उकिडवे बसाल. कुणी शिकवलेलं नसलं तरी बसाल. थोडं बरं वाटलं की उठाल, चार पावलं चालाल, पुन्हा बसाल. रोज असंच. शाळेत जाताना, पाणी प्यायला उठताना. चिमटा काढून पळून जाणं तर विसराच.

जमलं मनात आणायला? मग आता त्या मुलीची गोष्ट सांगता येईल.

ती समुद्रापलीकडच्या एका देशातली. सात वर्षांची, पण दिसायची पाचची. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. तिच्या हृदयात दोन चुका होत्या. हृदय म्हणजे चार खोल्यांचं घर समजा. काही खोल्यांत अंगभर फिरून शिळं झालेलं रक्त येतं. ते एका दारातून फुप्फुसात जातं, ताजं होतं आणि उरलेल्या खोल्यांत परत येतं. या मुलीच्या घरात ते दारच अरुंद होतं आणि मधल्या भिंतीला भोक होतं. शिळं रक्त अरुंद दाराशी ताटकळत बसण्याऐवजी भोकातून पलीकडे घुसायचं आणि शिळंच्या शिळं पुन्हा अंगभर निघायचं. म्हणून ओठ निळे.

मग उकिडवं बसून काय होतं? बागेतल्या पाण्याच्या नळीवर पाय दिला की पाणी मागे दाबलं जातं, हे तुम्ही पाहिलं असेल. तसंच इथे. गुडघे दुमडले की पायांकडे जाणाऱ्या नळ्या दाबल्या जातात, भोकातून निसटणं रक्ताला जड जातं आणि नाइलाजाने ते त्या अरुंद दाराकडे वळतं. अशा आजाराची मुलं हा उपाय आपला आपणच शोधून काढतात. डॉक्टरांना तो नंतर कळला.

तिच्या देशात हृदय उघडून दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. आपल्या गोष्टीतल्या गावात एक जण होता. आणि त्या दोघांच्या मधलं अंतर भरून काढायचं काम आत्या करायची.

आत्या म्हणजे शस्त्रक्रियेच्या खोलीत उभं आयुष्य काढलेली नर्स. खरं तर ती भाऊच्या मुलांची आत्या, पण ते नाव हळूहळू सगळ्या गल्लीने उचललं. नोकरी संपल्यावर तिने एक छोटी संस्था काढली. छोटी म्हणजे किती, तर इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक खाट, एक फोन आणि एक फ्रिज. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात मुलांची औषधं, खालच्या कप्प्यात भाऊचा डबा. कापसाच्या खोक्यांवर फळी टाकून टेबल केलेलं होतं. इस्त्रीची ऊब जमिनीतून वर यायची, त्यामुळे थंडीत पाहुणे लवकर उठायचे नाहीत.

भाऊ तिचा धाकटा भाऊ. त्याने वर्षानुवर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली होती. संस्थेची गाडी म्हणजे त्याचीच ती जुनी गाडी, शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असलेली. आता त्या बाजूला आत्या बसायची.

"ताई, तो ब्रेक शिकाऊ लोकांसाठी आहे," भाऊ म्हणायचा.

"मग मी कुणासाठी दाबतेय?" आत्या म्हणायची.

कामाची रीत साधी होती. एका वेळी एकच मूल. आत्याच्या हाताखाली शिकलेली एक नर्स सुट्टी काढून विमानाने जायची, बरं झालेलं मूल त्याच्या आईच्या हातात द्यायची आणि परतीच्या विमानात पुढचं मूल घेऊन यायची. खाट एक, सोबत करणारी एक. पहिलं मूल निघाल्याशिवाय दुसरं येऊ शकत नव्हतं.

या संस्थेची आणखी एक रीत होती, आणि ती दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. अगदी पहिल्यांदा आलेला मुलगा रस्त्यात उकिडवा बसला की लोक जमायचे. "काय झालं? चक्कर आली का? कुणाचा आहे?" मुलगा लाजून चूर. मग तो बसेनासाच झाला. दात आवळून चालायचा. एकदा तसाच चालता चालता फळवाल्याच्या गाड्यासमोर कोसळला. त्यातून तो वाचला, पण पुढच्या वेळी तो थबकलेला दिसताच आत्या त्याच्याशेजारी रस्त्यातच उकिडवी बसली. भाऊही बसला. फळवाल्याने बघितलं आणि तोही गाड्यामागे बसला. चौघं बसलेले दिसल्यावर गर्दीला बघण्यासारखं काही उरलं नाही.

तेव्हापासून नियमच झाला. मूल बसलं की सगळ्यांनी बसायचं. इस्त्रीवाला इस्त्री उभी करून बसायचा, पोस्टमन जिन्यात बसायचा. दवाखान्यात खुद्द डॉक्टर बसायचे. एकदा एक गृहस्थ संस्था बघायला कडक पोशाखात आले आणि नेमकं जिन्यावर मूल बसलं. मागेपुढे सगळे धडाधड खाली. गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं, तेही बसले आणि पँटची शिवण टर्रकन उसवली. पुढच्या वेळी ते सैल पँट घालून आले.

तर ही मुलगी आली. विमानतळाच्या दारातच ती बसली आणि तिला न्यायला आलेले दोघेही तिच्यासोबत खाली बसले. ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली.

"दम लागला?" आत्याने विचारलं. मुलीला भाषा कळत नव्हती. पण आत्या प्रत्येक वेळी हेच दोन शब्द, याच सुरात विचारायची, छातीवर हात ठेवून. आपल्या भाषेतले मुलीने शिकलेले पहिले दोन शब्द हेच.

गाडीपर्यंत पोचेतो तीनदा बसून झालं. भाऊचे गुडघे कुरकुरले. "राणीसरकार बसल्या की दरबाराने बसायचं," तो उठता उठता म्हणाला. "चला, दरबार उठला."

तेव्हापासून ती राणीसरकार. घाईच्या वेळी नुसतं सरकार.

महिनाभर तिचं वजन वाढवण्यात गेलं. मग डॉक्टरांनी हृदय उघडलं, भोकाला ठिगळ लावलं, दार रुंद केलं आणि सगळं पुन्हा शिवून टाकलं. शुद्धीवर आल्यावर सरकारांनी आधी आपली नखं बघितली. ती गुलाबी होती. तिने दुसऱ्या हाताची बघितली. तीही गुलाबी. मग चादर वर करून पायाची बघितली.

सगळं उत्तम झालं होतं. जखम भरली. मुलगी दोन खोल्यांतून दिवसभर फिरू लागली, खालच्या दुकानात जाऊन इस्त्रीवाल्याच्या कपड्यांच्या घड्या मोडू लागली. तिकडे फोन झाला. पुढचं मूल ठरलं, जेमतेम दीड वर्षाचं बाळ, रडलं की निळं पडणारं. नर्सने सुट्टी काढली.

आणि मग आत्याच्या लक्षात आलं, की सरकार अजून बसतात.

पूर्वीइतक्या नाही, पण बसतात. जिना चढून वर आलं की बसतात. भाऊ पिशव्या घेऊन आला की दारातच बसतात. लांबलेल्या शस्त्रक्रियेतून बाहेर पडलेले डॉक्टर तपासायला आले, तर त्यांच्यासमोर बसल्या. नियमाप्रमाणे सगळे बसले. डॉक्टर बसले ते मात्र कपाळाला आठी घालून.

हृदय उघडणाऱ्या माणसांना मूल उकिडवं बसलेलं दिसलं की एकच गोष्ट सुचते. जगातल्या बाकी लोकांना मुंगी दिसली असेल, नाणं पडलं असेल, पाय दुखला असेल, असं सुचतं. या लोकांना नाही.

डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या केल्या. हृदयाचं चित्र पाहिलं. ठिगळ घट्ट होतं, दार उघडं होतं. बोटाला लावायचं यंत्र सांगत होतं की रक्त ताजं आहे.

"सगळं ठीक दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "पण ती बसते."

"सवय असेल," भाऊ म्हणाला. "मी गाडी विकली तरी पाय ब्रेक शोधेल."

"असेलही. पण यंत्र म्हणतं बरं आहे आणि मूल म्हणतं नाही, तेव्हा मी मुलाचं ऐकतो. तिच्या गावापासून चांगला दवाखाना दोन दिवसांवर आहे. तिथे काही झालं तर?"

या डॉक्टरांच्या हातात पहिली कात्री आत्यानेच दिली होती आणि मुलाचं ऐकायला त्यांना शिकवलंही तिनेच होतं. आता आपल्याच शिकवणीशी काय भांडणार?

"नर्स परवा निघणार," एवढंच ती म्हणाली. "हिला सोडलं नाहीत तर ते बाळ येत नाही. नर्सची पुढची सुट्टी उन्हाळ्यात. तोवर ते बाळ..." तिने वाक्य पुरं केलं नाही. तिला आणि डॉक्टरांना ते पुरं येत होतं.

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "उद्या सकाळी माझ्या मजल्यावर आणा. लांब व्हरांडा आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत चालू दे. न बसता चालली तर जाऊ दे. बसली तर ठेवून घेऊ. आणि एक, उद्या तुम्ही कुणी बसायचं नाही. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. मला ती एकटी काय करते ते बघायचंय."

"दरबार बरखास्त," भाऊ पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याची लिफ्ट बंद होती. डॉक्टरांचा मजला चौथा. नर्स पुढे, मध्ये सरकार आणि आत्या, मागे भाऊ अशी वरात जिन्याने निघाली. सरकार दुसऱ्या मजल्यावर बसल्या आणि सवयीने सगळे बसले.

"अहो, आज बसायचं नाही ना!" नर्स बसल्या बसल्या म्हणाली.

"ते वर. जिन्यात कुठे ठरलंय?" भाऊ म्हणाला. त्याला तसाही दम लागला होता.

वर पोचल्यावर आत्याचा चेहरा लाल झाला होता. तिने भिंतीला हात टेकला आणि लगेच काढून घेतला. डॉक्टर व्हरांड्याच्या मधोमध उभे होते, गळ्यात नळी, हातात पेन. फरशी नुकतीच पुसलेली. दूरच्या टोकाला खिडकीखाली रांगेने काही स्टुलं ठेवलेली, तपासणीला येणाऱ्यांसाठी. एवढ्या सकाळी ती रिकामी होती.

"चला सरकार," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी हाताने टोक दाखवलं.

ती निघाली. आत्या तिच्या बाजूने दोन पावलं मागे राहून चालू लागली. नर्स आणि भाऊ जिन्यापाशीच थांबले. मुलगी सरळ चालत होती, ओठ गुलाबी, पाऊल हलकं. फरशीच्या रेघांवर पाय पडणार नाही याची ती काळजी घेत होती. डॉक्टरांच्या जवळ येईतो सगळं ठीक होतं.

मग तिने मागे वळून आत्याकडे पाहिलं आणि ती बसली.

गुडघे पोटाशी, हात पायांभोवती. अगदी पहिल्या दिवशी विमानतळावर बसली होती तशी.

आत्याचे गुडघे आपोआप वाकायला निघाले. तिने ते सरळ केले. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. भाऊ जिन्याच्या खिडकीबाहेर बघू लागला. नर्सने मनातल्या मनात विमान आणि ते बाळ, दोन्ही सोडून दिलं.

सरकार वाट बघत होत्या. कुणीच बसलं नाही. तिने डॉक्टरांकडे बघितलं, ते उभे. जिन्याकडे बघितलं, ते दोघंही उभे. असं आजवर कधी झालं नव्हतं. तिने फरशीवर हात आपटून दाखवला, इथे, खाली. तरीही कुणी हललं नाही.

मग ती उठली. आत्यापाशी गेली, तिची बाही धरली आणि खाली ओढली. आत्या उभीच राहिली. नियम म्हणजे नियम. तिचा श्वास मात्र अजून जोरात चालला होता, चार मजल्यांचा होता तो. मुलीने मान वर करून तिच्या ओठांकडे पाहिलं. मग आपला हात आत्याच्या छातीवर ठेवला आणि अगदी आत्याच्याच सुरात विचारलं,

"दम लागला?"

आता जरा तिच्या जागी उभे राहून बघा. तुम्ही आयुष्यभर एकटेच बसत आलात. तुमच्या गावात तुम्ही बसलात की बाकीचे उभे असायचे. मग तुम्ही एका परक्या देशात आलात आणि तिथे तुम्ही बसलात की सगळेच बसतात. म्हातारी बसते, गाडीवाला बसतो, इस्त्रीवाला, पोस्टमन, इतकंच काय, डॉक्टरही बसतात. तुम्हाला काय वाटेल? तुम्हाला वाटेल, या देशात सगळ्यांच्याच हृदयाला भोक आहे. बिचारे! आणि मग एक दिवस तुमचं भोक बुजवलं गेलं. तुमची नखं गुलाबी झाली. त्यांचं कुणी काही केलेलं दिसत नाही. ते अजून जिना चढून धापा टाकतात, पिशव्या आणून घाम पुसतात. आणि लाजतात, आपणहून पहिले कधी बसत नाहीत, तुम्ही बसलात तरच बसतात. मग तुम्ही काय कराल? त्यांना दम लागलेला दिसला की आधी स्वतः बसाल.

इतके दिवस ते तिच्यासाठी बसत होते आणि शस्त्रक्रियेनंतर ती त्यांच्यासाठी बसत होती. एरवी ती बसली की ते लगेच बसायचे, म्हणून तिला विचारायची वेळच आली नव्हती.

हे सगळं आधी कळलं ते भाऊला. "ताई," जिन्यापासून तो ओरडला, "अगं, तिला वाटतंय पेशंट तू आहेस!"

"बोलायचं नाही म्हटलं होतं," डॉक्टर म्हणाले. पण त्यांचं लक्ष मुलीकडे होतं. "आत्या, उत्तर देऊ नका. जरा थांबा."

आत्याने उत्तर दिलं नाही. तिने फक्त एक मोठा श्वास घेतला, आणि तो तिच्या मनात होता त्यापेक्षा मोठ्याने ऐकू आला.

सरकारांना तेवढं पुरे झालं. तिने आत्याची बाही सोडली. इकडेतिकडे पाहिलं. तिची नजर दूरच्या टोकाला खिडकीखाली गेली. आणि ती पळाली. चालली नाही, पळाली. डॉक्टरांच्या बाजूने, पुसलेल्या फरशीवरून, रेघाबिघा न बघता. या मुलीला पळताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं, तिच्या आईनेही नाही. पळायची सवय नसल्याने तिचे हात नको तिकडे जात होते. टोकाला पोचून तिने एक स्टूल उचललं, पोटाशी धरलं आणि तशीच पळत परत आली. अर्ध्या वाटेवर ते जड झालं, तेव्हा ते खाली ठेवून ढकलत आणलं. सगळा व्हरांडा त्या आवाजाने भरून गेला. दोन खोल्यांतून माणसं डोकावली.

तिने स्टूल आत्याच्या मागे लावलं. "बस," ती म्हणाली.

आत्या बसली.

डॉक्टर पुढे आले, वाकले आणि त्यांनी मुलीच्या पाठीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. हृदय जोरात चाललं होतं, पळून आलेल्या मुलाचं चालतं तसंच. नखं गुलाबी होती. त्यांनी नळी गळ्यात टाकली आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"उद्याचं विमान किती वाजता?" त्यांनी नर्सला विचारलं.

नर्स सांगू लागली, पण सरकारांचं तिकडे लक्ष नव्हतं. ती डॉक्टरांकडे खालून वर बघत होती. ते रात्रभर जागे होते, डोळ्यांखाली काळं आलेलं होतं, आणि वाकून उठताना त्यांनी कमरेवर हात ठेवून "हुश्श" केलं होतं. स्टूल एकच होतं आणि त्यावर आत्या बसली होती. जिन्यापाशी भाऊ भिंतीला टेकून उभा होता. त्याचं तर विचारायलाच नको.

सरकारांनी बोट एकेकाकडे नेत किती जण उरले ते बघितलं आणि बाकीची स्टुलं आणायला पुन्हा पळाल्या.